वाचक १०-१५ सेकंदच थांबतो असं जीए ४ म्हणतंय? आधी मोजणी तपासा, मग पान

तक्रार बहुतेक वेळा ठरलेली असते. लेख दीड हजार शब्दांचा, तो वाचून लोक व्हॉट्सॲपवर शंका विचारतात, म्हणजे वाचतात तर नक्की. पण साइटवरच्या भेटी मोजणारं गूगल ॲनालिटिक्स (आजची चौथी आवृत्ती, म्हणजे जीए ४) उघडलं की सरासरी वेळ १४ सेकंद. दुसरा प्रकार असा की गेल्या महिन्यात ५५ सेकंद होते, या महिन्यात भेटी तिप्पट झाल्या आणि वेळ २० वर आला. तिसरा उलटा: एंगेजमेंट रेट, म्हणजे शंभरातल्या किती भेटींत वाचक रमला तो आकडा, ९८ टक्के, सगळं झकास, पण कुणी दुसरं पान उघडत नाही आणि जाहिरातीचं उत्पन्न जिथल्या तिथे.

तिघांनाही सल्ला एकच मिळतो. व्हिडिओ टाका, लेख लांबवा, 'हेही वाचा' वाढवा. तो तूर्त बाजूला ठेवा. असा आकडा पडतो तेव्हा कारण बहुधा लेखात नसतंच. ते एक तर मोजणीत असतं, नाहीतर येणाऱ्या वाचकांच्या सरमिसळीत. पानाची डागडुजी त्यानंतर.

हा आकडा नेमका कशाचा?

जुन्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्सची सवय असलेल्यांचं इथेच घोडं पेंड खातं. ती पद्धत दोन नोंदींमधलं अंतर मोजायची. वाचक १० वाजता पहिल्या पानावर आला आणि १० वाजून ६ मिनिटांनी दुसरं पान उघडलं, तर पहिल्या पानाच्या खात्यात ६ मिनिटं. मधली ५ मिनिटं तो फोनवर बोलत होता का, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. दुसरं पान वाचून तो निघून गेला तर त्या पानाच्या खात्यात शून्य, कारण पुढची नोंदच नाही. आणि एकच पान वाचून जाणाऱ्याची अख्खी भेट शून्य सेकंदांची, मग ते पान त्याने अर्धा तास वाचलेलं का असेना.

जीए ४ चं घड्याळ वेगळं आहे. पान डोळ्यांसमोर, म्हणजे टॅब उघडा आणि सर्वांत पुढे असेल तेवढाच वेळ ते धरतं. वाचक दुसऱ्या टॅबवर गेला, स्क्रीन बंद झाला, व्हॉट्सॲप उघडलं, की घड्याळ थांबतं. तोवर साठलेला वेळ 'यूजर एंगेजमेंट' नावाच्या इव्हेंटबरोबर (इव्हेंट म्हणजे पानावर घडलेल्या एका गोष्टीची नोंद) मिलिसेकंदांत पाठवला जातो. त्यामुळे नवा आकडा जुन्यापेक्षा लहान दिसणं हा बिघाड नाही. युनिव्हर्सलने १ जुलै २०२३ पासून नवी नोंद घेणं थांबवलं, पुढच्या वर्षी जुना डेटाही बंद झाला. तरी कुणाच्या तरी एक्सेल फायलीतली 'ॲव्हरेज सेशन ड्युरेशन २ मिनिटं ४० सेकंद' ही ओळ अजून मीटिंगमध्ये निघते आणि आजच्या ५० सेकंदांशेजारी मांडली जाते. ती तुलना होऊच शकत नाही.

दुसरी गोम भाजकात. 'पेजेस अँड स्क्रीन्स' या रिपोर्टमधला सरासरी वेळ दर ॲक्टिव्ह यूजरमागे, म्हणजे दर वाचकामागे असतो. 'ट्रॅफिक ॲक्विझिशन' आणि 'लँडिंग पेज' या रिपोर्टांत तो दर सेशनमागे, म्हणजे दर भेटीमागे. एकाच वाचकाने तीनदा येऊन तेच पान दर वेळी ४० सेकंद वाचलं, तर पहिल्या ठिकाणी १२० दिसतील आणि दुसऱ्या ठिकाणी ४०. शिवाय 'लँडिंग पेज'मधला वेळ फक्त त्या पानाचा नसतो. त्या पानावरून आत येऊन वाचकाने पुढे जे काही वाचलं, तो सगळा त्यात मोडतो. दोघे दोन वेगळ्या रिपोर्टांचे स्क्रीनशॉट घेऊन भांडतात आणि दोघेही बरोबर असतात. एक रिपोर्ट ठरवा, त्यालाच धरून चाला.

एंगेज्ड सेशनची व्याख्याही एकदा नीट समजून घ्या. भेट १० सेकंदांहून जास्त चालली, किंवा दोन पानं पाहिली गेली, किंवा एखादी की इव्हेंट (तुम्ही महत्त्वाची म्हणून खूण केलेली) घडली, यांपैकी काहीही एक झालं की सेशन एंगेज्ड. बाउन्स रेट म्हणजे शंभरातून एंगेजमेंट रेट वजा करून उरलेला आकडा, बाकी काही नाही. ती १० सेकंदांची अट सेटिंगमधून ६० पर्यंत वाढवता येते. लांब लेखांच्या साइटवर ती मी ३० ठेवायला सांगतो. १० सेकंदांत तर कुकीची सूचना बंद करून होते.

काटा तपासा

टॅग असिस्टंट या गूगलच्या तपासणीच्या साधनाने साइट जोडा आणि जीए ४ च्या ॲडमिनमधला डीबगव्ह्यू उघडा, तिथे नोंदी येतील तशा दिसतात. साइटचं एखादं पान उघडून घड्याळ लावून २० सेकंद थांबा, मग दुसऱ्या टॅबवर जा. डीबगव्ह्यूमध्ये यूजर एंगेजमेंटची नोंद उमटायला हवी आणि तिच्या आतल्या एंगेजमेंट टाइमच्या पॅरामीटरमध्ये २०,००० च्या आसपास आकडा हवा. दिसला तर घड्याळ चालू आहे. दिसलाच नाही तर टॅग (पानातला मोजणीचा कोड) तुटलेला आहे, किंवा संमतीची खिडकी तो अडवतेय, किंवा कॅशिंगच्या प्लगिनने स्क्रिप्ट 'डिले' करून ठेवलीय. हा शेवटचा प्रकार वर्डप्रेसवर सर्रास दिसतो. वेग वाढवण्याच्या नावाखाली सगळी जावास्क्रिप्ट वाचकाने बोट लावेपर्यंत रोखून धरलेली असते. मग बोट न लावता गेलेल्याची नोंदच होत नाही आणि बाकीच्यांचे पहिले काही सेकंद हरवतात. ॲनालिटिक्सची स्क्रिप्ट त्या यादीतून वगळा.

ही चाचणी संगणकावर झाली की फोनवरही करा. मराठी साइटवर बहुतेक वाचन फोनवर होतं आणि तिथे ब्राउझर एकदम बंद केला की शेवटची नोंद कधीकधी पोचत नाही. ती तूट सगळ्याच पानांना सारखी लागते, तिच्यामागे लागू नका.

आता त्या ९८ टक्क्यांचं. एवढा एंगेजमेंट रेट कुठल्याही खऱ्याखुऱ्या साइटचा नसतो. पहिला संशय दुहेरी टॅगवर घ्या. थीममध्ये कुणीतरी कोड चिकटवलेला असतो, वर टॅग मॅनेजर या गूगलच्या कोड लावायच्या साधनामधूनही तोच मेझरमेंट आयडी (साइटची ओळख सांगणारा क्रमांक) जातो, आणि प्रत्येक पान उघडताना पेज व्ह्यू दोनदा पडतो. दोन पानं पाहिली असं समजून जीए ४ सेशनला एंगेज्ड म्हणतं. 'व्ह्यूज पर सेशन' संशयास्पदपणे २ च्या वर चिकटलेला दिसला तर हेच. टॅग असिस्टंटमध्ये पेज व्ह्यू मोजा. एका पानाला एक पडला पाहिजे.

टॅग एकच असेल तर दुसरा संशय टायमरवर. युनिव्हर्सलच्या काळात बाउन्स रेट खाली आणायला लोक टॅग मॅनेजरमध्ये 'अमुक सेकंद झाले की इव्हेंट' असं लावून ठेवत. कुणीतरी ते तसंच उचलून जीए ४ मध्ये आणलं आणि की इव्हेंट म्हणून खूण केली, की ती एंगेज्डच्या सेकंदांच्या अटीआधी पडत असेल तर रेट आपोआप फुगतो. बाजारभाव किंवा थेट निकालाच्या पानांवर आपोआप रिफ्रेश लावलेलं असतं, त्यानेही पेज व्ह्यू वाढत राहतात. आणि लेख संपताच खाली पुढचा लेख आपोआप उघडणाऱ्या थीम असतात. पत्ता बदलला की एनहान्स्ड मेझरमेंट (जीए ४ ची आपोआप नोंदी घेणारी सोय) स्वतः पेज व्ह्यू नोंदवतं, थीमही स्वतःचा पाठवते. दोहोंपैकी एक बंद करा.

घरच्या माणसांची रहदारी हा लहान साइटचा खास रोग. दिवसाला दोनशे वाचक असलेल्या साइटवर मुद्रितशोधन करणारी एक व्यक्ती वीस-वीस मिनिटं पान उघडं ठेवते आणि सरासरी वर नेते. ती रजेवर गेली की 'वेळ अचानक पडला' अशी ओरड. इंटर्नल ट्रॅफिकचा फिल्टर त्यासाठीच आहे. आधी डेटा स्ट्रीमच्या टॅग सेटिंगमध्ये ऑफिसचा आयपी सांगायचा, मग डेटा फिल्टर्समध्ये जाऊन फिल्टर 'टेस्टिंग'वरून 'ॲक्टिव्ह' करायचा. ही दुसरी पायरी हमखास राहते. टेस्टिंगमध्ये असलेला फिल्टर काहीही गाळत नाही. गाळलेला डेटा परत मिळत नाही आणि फिल्टर मागच्या तारखांना लागत नाही, हेही लक्षात असू द्या. घरून मोबाइल डेटावर काम करणाऱ्यांचा आयपी बदलत राहतो, तिथे हा उपाय लंगडा पडतो. वर्डप्रेसवर असाल तर लॉग-इन केलेल्यांना टॅगच दाखवू नका. गूगलच्या साइट किटमध्ये तशी सोय आहे.

बॉट, म्हणजे माणसाऐवजी पानं उघडणारे प्रोग्रॅम. ओळखीचे बॉट जीए ४ स्वतः गाळतं, अनोळखी आत येतात. शहरांचा रिपोर्ट उघडा. अमेरिकेतलं ॲशबर्न अचानक पुण्याच्या वर आलं असेल, स्रोत डायरेक्ट आणि वेळ शून्य असेल, तर ती माणसं नव्हेत. ॲशबर्नला मोठमोठी डेटा सेंटरं आहेत. पण म्हणून अख्खी अमेरिका वगळू नका. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियातला मराठी वाचक खरा असतो, आणि सणावारी तर जरा जास्तच निवांत वाचतो. फक्त ते शहर वगळून तुलना लावा आणि सरासरी कितीवर येते ते पाहा.

वेळ पडला, की माणसं बदलली?

काटा ठीक निघाला तर हा प्रश्न. समजा, गूगल शोधातून महिन्याला १,००० सेशन येतात, प्रत्येकी सरासरी ९० सेकंद. या महिन्यात एक लेख फेसबुकवर फिरला आणि ४,००० सेशन जादा आले, प्रत्येकी १० सेकंद. एकूण सरासरी २६ सेकंद. शोधातून आलेल्यांनी एक सेकंदही कमी वाचलेलं नाही, उलट साइटला नवे ४,००० मिळाले, तरी डॅशबोर्डवर लाल बाण. त्या लाल बाणाच्या धसक्याने लोक चांगली चालणारी पानं मोडून नव्याने बांधतात.

म्हणून एकूण सरासरीकडे बघून निर्णय घ्यायचाच नाही. जीए ४ च्या एक्सप्लोर विभागात एक तक्ता करा: ओळींत लँडिंग पेज, स्तंभांत स्रोत आणि माध्यम, आकडा दर सेशनमागचा वेळ. मग मोबाइल आणि डेस्कटॉप वेगळे काढा. पडझड एकाच खान्यात सापडली तर अर्धं काम झालं. (त्याआधी डेटा रिटेन्शन, म्हणजे डेटा साठवून ठेवायची मुदत, २ महिन्यांवरून १४ महिन्यांवर न्या. मूळ सेटिंग २ महिन्यांचं असतं, आणि गेल्या वर्षीच्या गणपतीशी तुलना करायची वेळ येते तेव्हाच ते आठवतं.)

व्हॉट्सॲपवरून आलेला वाचक बहुधा 'डायरेक्ट' म्हणून दिसतो, कारण सोबत कुठून आला याची चिठ्ठी नसते. गटांत लिंक टाकताना यूटीएम (पत्त्याच्या शेवटी लावायची स्रोताची खूण) जोडलेली लिंक टाका, म्हणजे तो वेगळा निघेल. स्वतःच्याच साइटवरच्या आतल्या लिंकांना मात्र यूटीएम लावू नका, स्रोताचा हिशेब बिघडतो. गूगल डिस्कव्हरची (फोनवर न शोधताच समोर येणाऱ्या लेखांची यादी) लाट आली का, हे सर्च कन्सोल या गूगलच्या साधनामध्ये वेगळं कळतं. डिस्कव्हरवरून येणारा काही शोधत नसतो; चित्र आवडलं म्हणून येतो, चार ओळी वाचून जातो. त्याच्याकडून शोधवाल्याइतक्या वेळाची अपेक्षा करू नये.

सरासरीचा आणखी एक स्वभावदोष म्हणजे दोन-चार जण पान उघडं ठेवून समोर बसले की ती वर जाते. मध्यक, म्हणजे रांगेतला मधोमधचा आकडा हवा असेल तर बिगक्वेरीला (गूगलचं डेटा साठवून तपासायचं साधन) डेटा जोडा. साध्या प्रॉपर्टीला रोज १० लाख इव्हेंटपर्यंत निर्यात करता येते, लहान साइटला ते भरपूर झालं. जोडल्या दिवसापासूनचाच डेटा मिळतो, म्हणून वापरायचं आज नसलं तरी जोडून ठेवा.

कमी वेळ हीच बरोबर अवस्था असलेली पानं

लासलगावचा आजचा कांद्याचा भाव बघायला आलेला शेतकरी ८ सेकंदांत भाव बघून गेला, तर ते पान उत्तम चाललंय. आजची तिथी, बसचं वेळापत्रक, कार्यालयाचा पत्ता, सगळं त्याच जातीचं. इथे वेळ वाढवायला भाव तीन परिच्छेदांखाली दडवला, की वाचक पुढच्या वेळी दुसरीकडे जातो. अशा पानांचं यश परत येणाऱ्यांच्या संख्येत बघा. सरासरीचा हिशेब करताना त्यांचा वेगळा गट करा, नाहीतर ती लांब लेखांचा आकडा खाली ओढतात.

पाककृती आणि आरत्यांच्या पानांचं गणित आणखी निराळं. ओट्यावर फोन ठेवून, पिठाचे हात सांभाळत मोदकाची कृती बघणाऱ्या बाईच्या फोनचा स्क्रीन अर्ध्या मिनिटात बंद होतो आणि घड्याळ थांबतं. ती वीस मिनिटं तुमच्या पानावर होती, नोंद ४५ सेकंदांची. यावर वाचकाच्या सोयीचा उपाय म्हणजे 'स्क्रीन चालू ठेवा' असं बटण. ब्राउझरमधल्या स्क्रीन वेक लॉक या सोयीवर ते चालतं, आणि आजच्या क्रोम व सफारी दोन्हींत ती आहे. बटण जरूर द्या. पण त्यानंतर वेळ भसकन वाढेल आणि तो वाढलेला वेळ म्हणजे जास्त वाचन नव्हे. बटण दाबल्याची वेगळी इव्हेंट नोंदवा आणि ती सेशनं बाजूला काढून उरलेल्यांचा आकडा बघा.

आता पान

इथवर येऊनही एखादं लांब, शोधातून वाचक मिळवणारं पान १५ सेकंदांवर अडलेलं असेल, तर पानात खोट आहे. घरातल्या कुणाला तरी साध्या अँड्रॉइड फोनवर, मोबाइल डेटावर ते उघडायला द्या आणि शेजारी बसा. बोलू नका. मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी हे मोफत साधन अनोळखी वाचकांचं असंच चित्रण दाखवतं: कुठे बोट थांबलं, कुठे रागाने चारदा टॅप केलं. दोन्ही करा, पण आधी घरचं.

पहिल्या स्क्रीनवर काय दिसतं? अनेक मराठी साइटांवर तिथे लोगो, जाहिरात, 'नोटिफिकेशन सुरू करा'ची खिडकी आणि एक भलंमोठं चित्र असतं. लेखाची एक ओळही नाही. वाचक जातो तो लेख नावडून नव्हे, त्याला लेख दिसलेलाच नसतो. सूचनेची खिडकी निदान अर्धं पान वाचून होईपर्यंत पुढे ढकला. जाहिरातीची जागा आधीच राखून ठेवा, नाहीतर ती उशिरा येते, मजकूर खाली ढकलते आणि वाचत असलेली ओळ हरवते. गूगल हे हिंदकळणं सीएलएस नावाने मोजतं, ते ०.१ च्या आत हवं. मुख्य मजकूर किंवा चित्र दिसायला २.५ सेकंदांहून जास्त लागू नयेत. पेजस्पीड इनसाइट्समध्ये दोन्ही कळतात, पण प्रत्यक्ष वाचकांवरून काढलेला तिथला आकडा मागच्या २८ दिवसांचा असतो. दुरुस्तीनंतर दुसऱ्या दिवशी बघून हिरमुसू नका.

फॉन्ट हा आपल्या साइटांचा दुखरा भाग आहे, आणि इंग्रजी मार्गदर्शनात त्याबद्दल फारसं सापडत नाही. जोडाक्षरांमुळे देवनागरीची फॉन्ट फाइल रोमनपेक्षा बरीच जड असते. एखादा सुंदर फॉन्ट सहा वजनांत आणि तोही टीटीएफ स्वरूपात चढवला, की साध्या फोनवर मजकुराच्या जागी कोरी जागा दिसते. ब्राउझर फॉन्टची वाट बघत ती बऱ्याचदा ३ सेकंदांपर्यंत कोरी ठेवतात. साधं आणि ठळक अशी दोनच वजनं ठेवा, फाइल डब्ल्यूओएफएफ २ स्वरूपात द्या, आणि सीएसएसमध्ये फॉन्ट-डिस्प्ले 'स्वॅप' करा, म्हणजे तोवर फोनमधल्या फॉन्टात मजकूर वाचता येतो. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवरून घेतले तर लिपीनुसार तुकडे आपोआप होतात.

थीम परदेशी असते, तिची मापं रोमन अक्षरांची. ओळींमधलं अंतर १.४ असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात, १.७ च्या आसपास न्या. शीर्षकांना लेटर-स्पेसिंग दिलेलं असेल तर ते शून्य करा, त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. मोबाइलवर दोन्ही कडा समान करायचा हट्ट सोडा. मराठीचे लांब शब्द तुटत नाहीत, मग ओळीत भगदाडं पडतात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात टाइप केलेला मजकूर तसाच चिकटवलेला नाही ना, हेही बघा. तुमच्या संगणकावर तो फॉन्ट असतो म्हणून तुम्हाला बरोबर दिसतं, वाचकाला भलतीच अक्षरं दिसतात.

पानाची भाषा थीममध्ये इंग्रजीच राहिलेली असते, ती मराठी करा. मराठी वळणाचा ल आणि श हिंदीहून वेगळा. काही फॉन्टांत दोन्ही असतात आणि भाषा मराठी सांगितली की मराठी वळण उमटतं. याने सेकंद वाढतील असा माझा दावा नाही. पण मराठी पान मराठी दिसावं एवढी अपेक्षा गैर नाही.

शेवटी शीर्षक आणि पहिला परिच्छेद. 'योजनेचा हप्ता कधी जमा होणार? तारीख जाहीर' असं शीर्षक देऊन सहा परिच्छेद योजनेचा इतिहास, आणि तारीख कुठेच नाही. असं पान वाचक एकदाच उघडतो. उत्तर पहिल्या दोन ओळींत द्या. ते मिळाल्यावर लोक निघून जातील अशी भीती असते, पण ज्याला तपशील हवा असतो तो उत्तर मिळाल्यावरच खाली सरकतो. एनहान्स्ड मेझरमेंटचा स्क्रोल इव्हेंट फक्त ९० टक्के पान खाली गेल्यावर पडतो, तो खूप उशिरा. टॅग मॅनेजरमधून २५, ५० आणि ७५ टक्क्यांचे लावा. त्यासाठी एनहान्स्ड मेझरमेंटचा स्क्रोल बंद करा, नाहीतर दोन्हींची खिचडी होते. २५ टक्क्यांआधीच गळती असेल तर दोष वरच्या भागात. ५० पर्यंत येऊन गळत असतील तर बहुधा मधे जाहिरातींची भिंत असते किंवा लेख स्वतःलाच पुन्हा सांगू लागलेला असतो.

एका वेळी एकच बदल करा आणि त्याची तारीख लिहून ठेवा. तुलना त्याच वारांशी करा, रविवारची सोमवारशी नको. गणेशोत्सव, दिवाळी आणि निकालांचे दिवस टाळा. कालचा आकडा आज बघू नका, जीए ४ ला डेटा पुरता लावायला २४ ते ४८ तास लागतात. चार आठवड्यांनीही त्या पानाचा शोधातून आलेल्यांचा वेळ हलला नसेल, तर सर्च कन्सोलमध्ये ते पान निवडून लोक कोणते शब्द टाइप करून तिथे पोचतात ते वाचा. वरच्या चार-पाच प्रश्नांपैकी ज्याचं उत्तर पानात नाही, त्याचं वेगळं पान करा, आणि या पानाच्या शीर्षकातून तो शब्द काढून टाका.